न निवडलेल्या गोष्टींची जबाबदारी : फ्रेमवर्कमधली जेक्वेरी बदलते तेव्हा

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आज जावास्क्रिप्टवर बोलणार, हे वाचून आपल्यापैकी काहींना हसू आलं असेल. आम्हालाही आलं होतं. पण हा विषय आम्ही शोधायला गेलो नाही, तोच आमच्या दारात येऊन बसला.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या छोट्या अभ्यासमंडळाच्या संकेतस्थळावरचा मेनू उघडेनासा झाला. मंडळाचं नाव, फोटो, पत्ता, सगळं जागच्या जागी दिसत होतं. फक्त मेनूवर बोट ठेवलं की काही म्हणजे काही होत नव्हतं. आणि आमच्या साऱ्या जुन्या व्याख्यानांची यादी त्या मेनूच्या आत. दुपारपर्यंत चार फोन आले. शेवटचा फोन एका ज्येष्ठ बाईंचा होता. त्यांना घराबाहेर पडता येत नाही. दर आठवड्याला एक व्याख्यान त्या मोबाईलवर वाचतात. त्यांनी विचारलं, "सर, मंडळ बंद केलंत का? कळवलं तरी असतंत."

संकेतस्थळ आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बांधून दिलेलं. त्याला फोन केला. त्यानं तासाभरानं सांगितलं, "सर, लाइव्ह गेलं." आम्हाला वाटलं वीज गेली. तो म्हणाला, "तसं नाही. आपल्या मेनूच्या कोडमध्ये 'लाइव्ह' नावाचा एक जुना शब्द होता. खालची जेक्वेरी बदलली, नव्या आवृत्तीत तो शब्दच नाही."

आम्ही म्हटलं, "अरे, पण आम्ही तर काही बदललं नाही."

तो म्हणाला, "सर, तुम्ही ती निवडलीही नव्हती."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. ज्याची निवडच केली नाही, त्यावर आपला हक्क किती? आणि ज्यानं आपल्या वतीनं निवड केली, त्याची जबाबदारी किती? आजचं व्याख्यान एवढ्याच प्रश्नाबद्दल आहे. तांत्रिक भाग लागेल तेवढा समजून घेऊ. अवघड नाही, आम्हाला समजला म्हणजे आपल्यालाही समजेल.

आधी शब्द पाहू. संकेतस्थळ कुणी पायापासून बांधत नाही. तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. ड्रुपल, रूबी ऑन रेल्स, जँगो ही त्यातली नावं. वर्डप्रेस हेही व्यवहारात तेच काम करतं. सांगाड्याबरोबर काही अवजारं आपोआप येतात. तयार कोडच्या अशा संचाला लायब्ररी म्हणतात, वाचनालयाशी त्याचा संबंध नाही. आणि आपोआप येणाऱ्या वस्तूला म्हणतात डिफॉल्ट.

डिफॉल्ट म्हणजे काय? खानावळीत आपण राईस प्लेट मागवतो. आमटी कोणती, भाजी कोणती, हे विचारत नाही. जे येतं ते आपल्या वतीनं कुणीतरी ठरवलेलं असतं. रोज येणाऱ्या माणसाला काही दिवसांनी वाटू लागतं की आमटी ही अशीच असते. मग एक दिवस मालक आमटीत शेंगदाण्याचं कूट घालायला लागतो. बहुतेकांना ती आवडते. पण कोपऱ्यातल्या टेबलावर एक जण असतो, ज्याला शेंगदाणा चालत नाही. त्याला सांगायला हवं होतं की नको?

आता जेक्वेरी. जॉन रेसिग या अमेरिकन प्रोग्रॅमरनं २००६ साली ती लोकांपुढे ठेवली. त्या काळी प्रत्येक ब्राउझरची बोली वेगळी होती. बटण दाबलं की अमुक कर, एवढं सांगायला फायरफॉक्सला एक शब्द लागे आणि इंटरनेट एक्स्प्लोररला दुसरा. एक्स्प्लोररनं इतरांचा शब्द स्वीकारला तो नवव्या आवृत्तीत, २०११ साली. जेक्वेरीनं मधे दुभाषी बसवला. आपण एकदाच बोलायचं, दुभाषी ज्याला त्याला त्याच्या बोलीत सांगेल. ही सोय इतकी मोठी होती की एकामागून एक फ्रेमवर्कनी हा दुभाषी घरातच ठेवून घेतला. ड्रुपलमध्ये तो पाचव्या आवृत्तीत, २००७ साली आला. रेल्समध्ये आधी प्रोटोटाइप नावाची दुसरी लायब्ररी होती. २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून तिथेही जेक्वेरी डिफॉल्ट झाली.

पण दुभाष्याचीही भाषा बदलते. 'लाइव्ह'चंच घ्या. हा शब्द जेक्वेरीच्या १.३ आवृत्तीत आला. नोव्हेंबर २०११ मध्ये १.७ आवृत्तीत 'ऑन' हा अधिक चांगला शब्द आला आणि 'लाइव्ह' यापुढे वापरू नका असं जाहीर झालं. जानेवारी २०१३ मध्ये १.९ आवृत्तीतून 'लाइव्ह' काढून टाकला. म्हणजे सव्वा वर्षाची पूर्वसूचना होती. कर्त्यांनी घाई केली असं म्हणता येणार नाही. फक्त ती सूचना आमच्यापर्यंत पोचली नाही, कारण जेक्वेरी नावाची वस्तू आपल्या घरात आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

शब्द नाहीसा झाला तर निदान ते लगेच कळतं. शब्द तोच राहून अर्थ बदलला तर? इथे आमच्यासारख्या माणसाला खरा रस. फॉर्मवर टिकमार्क करायची छोटी चौकट असते. तिच्याबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. पान लिहिताना तिच्यावर टिक होती का? आणि आत्ता, या क्षणी, आहे का? पहिलं कागदावर लिहिलेलं, दुसरं घडीची अवस्था. या दोन वेगळ्या गोष्टी. पण जुनी जेक्वेरी दोन्हींसाठी 'अ‍ॅटर' हा एकच शब्द वापरायची आणि उत्तर द्यायची आत्ताच्या अवस्थेचं, खरं किंवा खोटं. मे २०११ मध्ये १.६ आवृत्तीनं भेद केला. लिहिलेल्यासाठी 'अ‍ॅटर', अवस्थेसाठी 'प्रॉप'. तात्त्विकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर! आम्ही परीक्षक असतो तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण असंख्य संकेतस्थळांवर लोकांनी 'अ‍ॅटर' विचारून 'खरं' या उत्तराची वाट पाहणारं कोड लिहून ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत १.६.१ काढून जेक्वेरीवाल्यांना काही अंशी माघार घ्यावी लागली. भेद बरोबर होता, तरी माघार घ्यावी लागली. हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांचा एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे, ते कुणी ठरवलेलं नाही. नैयायिक म्हणतात, ते संकेतानं ठरतं. या शब्दानं हा अर्थ समजावा असं ठरलं म्हणून तो समजतो. सॉफ्टवेअरचं जग पूर्णपणे नैयायिकांचं आहे. प्रत्येक शब्द कुणीतरी, कुठल्या तरी तारखेला ठरवलेला. पण वापरणारे आपण सगळे मीमांसक! जो शब्द काल चालला तो उद्याही चालणार असं आपण धरून चालतो. विट्गेनस्टाइननं पुढे जाऊन अर्थ शोधायला शब्दाच्या वापराकडे बोट दाखवलं. तसं पाहिलं तर एखाद्या आज्ञेचा अर्थ तिच्या माहितीपुस्तिकेत जेवढा आहे, त्याहून जास्त तिच्यावर विसंबलेल्या लोकांच्या कोडमध्ये आहे. प्रोग्रॅमर मंडळींनाही हे अनुभवानं कळलेलं आहे. वापरणारे पुरेसे झाले की कर्त्यानं न दिलेल्या आश्वासनांवरही कुणीतरी घर बांधलेलं असतं, अशा आशयाचा एक नियमच त्यांच्यात हायरम राइट यांच्या नावानं प्रसिद्ध आहे.

बरं, मग फ्रेमवर्कवाल्यानं करावं काय? आम्हाला तीन वेगळी उत्तरं सापडली. तिन्ही प्रत्यक्षात दिली गेलेली आहेत.

पहिलं उत्तर : बदलूच नका. ड्रुपलची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी आली. तिच्यात जेक्वेरी १.४.४ होती, त्या वेळी जवळजवळ ताजी. ड्रुपलचं धोरण असं की एका मोठ्या आवृत्तीच्या आत कुणाचं चालतं कोड मोडायचं नाही. धोरण सज्जनपणाचं आहे. पण त्या सातव्या आवृत्तीचं अधिकृत आयुष्य संपलं ५ जानेवारी २०२५ रोजी. चौदा वर्षं! या चौदा वर्षांत डिफॉल्ट राहिली तीच १.४.४. तिला 'लाइव्ह' येत होतं, पण 'ऑन' हा शब्द तिनं ऐकलेलाच नव्हता. नवी थीम किंवा नवं प्लगइन आणलं की ते नव्या भाषेत बोलायचं आणि दुभाषी नुसता बघत राहायचा. मग लोकांनी 'जेक्वेरी अपडेट' नावाचं वेगळं मॉड्यूल वापरायला सुरुवात केली. त्यातली सोय बघण्यासारखी आहे. वाचकांच्या पानांना एक आवृत्ती आणि व्यवस्थापनाच्या पानांना दुसरी, अशी वेगवेगळी निवड करता येते. एका घरात दोन चुली. भांडण टळतं, पण राख दोन ठिकाणची काढावी लागते.

दुसरं उत्तर : जुन्यांना हात लावू नका, नव्यांना नवं द्या. रेल्सनं हे केलं. तिथे डिफॉल्ट लागू होतो तो नवीन प्रकल्प सुरू करताना. कोणती लायब्ररी आहे हे त्याच वेळी त्या प्रकल्पाच्या फाईलमध्ये लिहिलं जातं. २०१७ च्या ५.१ आवृत्तीत रेल्सनं डिफॉल्टमधून जेक्वेरी काढूनच टाकली, कारण तिच्यावर अवलंबून असलेला स्वतःचा भाग त्यांनी साध्या जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिला होता. जुन्या प्रकल्पांच्या फाईलीत जेक्वेरीचं नाव लिहिलेलं होतं, म्हणून ती तिथे राहिली. हे आम्हाला सगळ्यात स्वच्छ वाटतं. निवड कुणीही केलेली असो, ती लेखी आहे आणि आपल्याच घरात आहे. एक उणीव मात्र राहते. जुन्याला कुणी ढकलत नाही, म्हणून जुनं जुनंच राहतं.

तिसरं उत्तर : सगळ्यांना न्या, पण पूल बांधून आणि टप्प्याटप्प्यानं. वर्डप्रेसनं २०२० मध्ये हा मार्ग घेतला. पुलाचं नाव 'जेक्वेरी मायग्रेट'. ही जेक्वेरीवाल्यांनीच दिलेली छोटी लायब्ररी. ती जुने शब्द ओळखते, तात्पुरती चालवून घेते आणि 'हा शब्द आता नाही' असा इशाराही देते. वर्डप्रेसमध्ये जुनी जेक्वेरी आणि जुना पूल होता. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीत त्यांनी जुना पूल काढला. डिसेंबरमध्ये ५.६ आवृत्तीत जेक्वेरी ३.५.१ आणली आणि तिच्यासोबत नवा पूल दिला. पहिल्या टप्प्यातच बऱ्याच संकेतस्थळांवर काही ना काही अडलं. ज्यांचं अडलं त्यांच्यासाठी जुना पूल परत जोडून देणारं आणि कोणत्या थीममधला, कोणत्या प्लगइनमधला शब्द अडतोय याची नोंद ठेवणारं एक मदतनीस प्लगइन लगोलग उपलब्ध करून दिलं गेलं. म्हणजे चूक होणार हे धरून तिची व्यवस्था केली होती.

आता कुणी म्हणेल, सर, एवढी यातायात कशाला? चाललंय ते चालू द्या. सातव्या ड्रुपलसारखं चौदा वर्षं सुखानं बसू. याचं उत्तर २०२० च्या एप्रिलमध्ये मिळालं. पानात मजकूर घालताना अर्धवट मिटलेल्या खुणा नीट करून घेण्याची जेक्वेरीला सवय होती. आपण चौकटीची खूण आखूडात लिहिली, तर ती आपल्या वतीनं पूर्ण करायची. मदतच म्हणायची. पण या 'नीट करण्या'चा गैरफायदा घेता येतो असं उघड झालं. बाहेरून आलेला मजकूर आधी गाळून निर्धोक केला, तरी ही दुरुस्ती होताना त्यात लपवलेलं घातक कोड जिवंत होऊ शकत होतं. १.२ पासून ३.५ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्यांना हा दोष होता. ३.५.० मध्ये तो काढला. पण काढला कसा? ती सवयच बंद केली. साहजिकच, आखूड खुणांवर विसंबलेल्या काही पानांची मांडणी बिघडली. शेजारी शेजारी असायच्या त्या दोन चौकटी एकीच्या पोटात दुसरी अशा गेल्या. सुरक्षा हवी तर वागणं बदलणार. दोन्ही एकदम मिळत नाही.

आणि सातव्या ड्रुपलचं? जेक्वेरीच्या कर्त्यांनी ती जुनी शाखा केव्हाच सोडलेली. म्हणून मे २०२० मध्ये ७.७० आवृत्तीत ड्रुपलच्या स्वयंसेवकांना या दुरुस्तीचं ठिगळ मागे नेऊन १.४.४ ला लावावं लागलं. 'बदलणार नाही' हे वचन फुकट पाळता येत नाही. कुणीतरी दर वेळी बसून ठिगळ लावतं म्हणून ते पाळलं जातं. आणि ठिगळ लावणारा थकला की ज्यांनी काहीच निवडलं नव्हतं, तेच उघड्यावर पडतात.

तेव्हा आमचं म्हणणं असं. दुसऱ्याच्या वतीनं निवड करणाऱ्यावर दोन कर्तव्यं येतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. विसंबलेल्याला पाडू नये हे एक. विसंबलेल्याला धोक्यात बसवून ठेवू नये हे दुसरं. फक्त पहिलं पाळणारा कालांतरानं दुसरं मोडतो. फक्त दुसरं पाळणारा उद्या सकाळी कुणाचा तरी मेनू बंद पाडतो. यातून सुटका करणारं सूत्र नाही. पण प्रामाणिकपणे वागायची रीत आहे : आधी सांगा, मग पूल द्या, आणि पूल कधी काढणार तेही सांगा. तारीख नसलेला पूल हा पूल राहत नाही, लोक त्यावर दुकानं थाटतात.

आणि आपण, घेणारे? आपल्यालाही काम आहे. विद्यार्थ्यानं आम्हाला ते शेजारी बसवून दाखवलं, म्हणून सांगतो.

आधी संकेतस्थळाची एक प्रत वेगळी ठेवायची. चालत्यावर प्रयोग करायचा नाही. मग पायऱ्या चुकवायच्या नाहीत. फार जुनी जेक्वेरी असेल तर आधी १.१२ पर्यंत यायचं, त्याला मायग्रेटची पहिली पिढी जोडायची. तिथलं सगळं स्वच्छ झालं की तिसऱ्या मालिकेवर जायचं आणि तिच्यासाठीचं मायग्रेट जोडायचं. मायग्रेटच्या दोन प्रती मिळतात. एक लहान, आटवलेली. ती काम करते पण गप्प बसते. दुसरी पूर्ण, ती ब्राउझरच्या कन्सोलमध्ये इशारे लिहिते. तपासणीला ही बोलकी प्रत घ्यायची. नंतर माणसासारखं वापरून बघायचं : प्रत्येक मेनू उघडायचा, प्रत्येक फॉर्म भरायचा, मोबाईलवरही. ज्या बटणाला हात लावला नाही त्याचा इशारा येत नाही. एकेक इशारा दुरुस्त करायचा, आणि कन्सोल शांत झाला की शेवटी पूल काढून पुन्हा सगळं तपासायचं.

आमच्या मेनूत 'लाइव्ह' पाच ठिकाणी निघालं. शब्द नुसता बदलून भागलं नाही, वाक्याची रचना बदलावी लागली. पूर्वी म्हणायचं, 'या बटणांवर कायम लक्ष ठेव, दाबलं की हे कर.' आता म्हणायचं, 'या पानावर बस, कुणी काही दाबलं आणि ते या बटणांपैकी असेल तर हे कर.' गंमत म्हणजे 'लाइव्ह' आतून आधीपासून हेच करत होतं, फक्त बोलून दाखवत नव्हतं. तपासणीसकट संध्याकाळ गेली. रात्री आम्ही त्या बाईंना फोन करून सांगितलं, मंडळ चालू आहे. त्यांनी विचारलं, बिघडलं काय होतं? आम्ही म्हटलं, एक शब्द जुना झाला होता. त्या म्हणाल्या, "मग तो कधी जुना झाला ते आधी कुणाला कळायला हवं होतं?"

आम्हाला, हे त्याचं उत्तर. त्या दिवसापासून मंडळाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर एक तक्ता आहे. कोणता सांगाडा, कोणती थीम, कोणती लायब्ररी, कितवी आवृत्ती, शेवटचं कधी तपासलं आणि बिघडलं तर कुणाला फोन करायचा. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, आम्ही आणि चिटणीस तो उघडून बसतो. आपल्यापैकी जे कुणी वाचनालयाचं, शाळेचं, ट्रस्टचं संकेतस्थळ सांभाळतात, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढं एक पान लिहावं ही विनंती. पहिल्या रकान्यात काय लिहायचं हे माहीत नसेल, तर ज्यानं संकेतस्थळ बांधून दिलं त्याला आजच विचारा. तो अजून फोन उचलतोय तोवर.

आता प्रश्न असतील तर घेऊ.